कान नाही, नाक

डंडीत, टे नदीच्या मुखाशी, पंधरा मजली आमची इमारत.
अकराव्या मजल्यावर उत्तरेची भिंत घामेजते.
आधी ठिपका, मसुराएवढा,
मग नकाशा,
मग नकाशातले काळे समुद्र.
सेलामचा धाकटा योनास त्या समुद्राखाली झोपायचा
आणि रात्रभर खोकायचा.

घरमालक संस्थेचा माणूस आला, बूट न काढता.
म्हणाला, तुम्ही कपडे घरात वाळवता,
झाकण न ठेवता शिजवता,
आणि पाच जण श्वास घेता.
सेलामने विचारलं, यातलं नेमकं काय बंद करू?
त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.
वही त्याची होती.

पुढच्या महिन्यात त्यांनीच डब्या पाठवल्या. पांढऱ्या, फुकट.
ओल मोजतील, पत्रात होतं.
आणखी काय मोजतील ते सव्विसाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात:
दार किती वाजता उघडलं,
खोलीत माणसं किती.

एफी गेडिस, वय एक्क्याऐंशी, तागाच्या गिरणीत उमेद गेलेली,
तिने ते पान भिंगाखाली धरून मोठ्याने वाचलं.
मग म्हणाली, आईच्या वेळी गिरणीत घड्याळ होतं
आणि घड्याळाची किल्ली मुकादमाच्या कमरेला.
दिवस केवढा, ते तो ठरवायचा.
मोजण्याशी माझं भांडण नाही, पोरांनो.

म्हणून आम्ही आमच्या डब्या केल्या.
दर मंगळवारी, तळमजल्यावर, सायकलींच्या खोलीत.
रॉनी मॅकफी पूर्वी बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करायचा;
त्याने डाग द्यायला शिकवलं.
भिंतीवरच्या डागासाठी तारेवर डाग.
माझी पहिली डबी जळाली, दुसऱ्या वेळी बोट.
झाकण हट्टाने पारदर्शक ठेवलं,
ज्याला शंका त्याने डोकवावं.
भिंतींना कान असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक;
आम्ही भिंतीला कान दिला नाही.
नाक दिलं. तेवढंच.

तेरावा मजला म्हणाला, आम्हाला नको.
बरं, नको.
आकडे ठेवायचे कुठे, यावर तीन आठवडे तंडलो.
शेवटी रखवालदाराच्या जुन्या कपाटात एक छोटा संगणक,
दोन कुलपं,
आणि किल्ल्या अशा दोघींकडे
ज्या एकमेकींशी बोलत नाहीत.

जानेवारीत एफीच्या खोलीचा आकडा नऊ अंशांवर उतरला
आणि तिथेच बसून राहिला.
तिचे आकडे पाहायची मुभा तिने एकट्या मला दिलेली.
आमचा नियम होता: दिसलं तर दार वाजवायचं.
कळवायचं कुणाला नाही.
मी बार्लीचं सूप घेऊन गेलो.
तिने कोट घालूनच दार उघडलं.

मीटरमधले पैसे संपलेत, म्हणाली. मग थांबली.
तुला माहीत होतं?
हो.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डबीकडे पाहिलं, बराच वेळ.
मग झाकण उघडून बॅटरी काढली
आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.
आता?
आता काही दिसत नाही, मी म्हणालो.
छान. आत ये, सूप निवतंय.

मार्चमध्ये सेलाम सुनावणीला गेली,
चौऱ्याण्णव रात्रींची ओल कागदावर घेऊन.
योनासच्या खोकल्याच्या वेळा तिने पेनने, हाताने मांडल्या होत्या,
त्या डबीला कळत नाहीत.
हे आकडे कुठून आले, त्यांनी विचारलं.
ती म्हणाली, या, दाखवते. बूट मात्र काढावे लागतील.

भिंत अजून अर्धीच सोललेली आहे.
बाहेर मचाण उभं, वारा सुटला की वाजत राहतं,
आणि योनास सध्या स्वयंपाकघरात झोपतो.

गुरुवारी सकाळी माझ्या पडद्यावर
एफीचा आकडा पुन्हा उगवला: पंधरा.
दुपारी गायब.
संध्याकाळी सोळा.
मी दार वाजवलं नाही.